ठेवलेली ओळ

इंदूरच्या मराठी मंडळींत कुणाचं लग्न ठरलं की आधी हॉल बघायचे, मग आचारी, आणि त्याच दिवशी यशोधराताईंना फोन जायचा. हॉल नाही मिळाला तर लोक दुसरा शोधत, पण यशोधराताई मोकळ्या नसतील तर मुहूर्त सरकवणारेही महाभाग होते. परदेशीपुऱ्यात राहणारी ही बाई प्रत्येक लग्नाची मंगलाष्टकं नवी रचायची आणि स्वतः म्हणायची. "बाकीचे ओरडतात, मी गाते," असं ती चारचौघांत सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेजारी तानपुरा घेऊन नवरा बसायचा. मोहनराव रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना जगात दोनच गोष्टी नीट जमतात, पोहे आणि तानपुरा, हे तिचं मत. आणि त्यावर ते खूश असायचे.

आता खुद्द घरचंच कार्य निघालं होतं. एकुलत्या एका लेकीचं, उर्वीचं, मार्गशीर्षात लग्न. मुलगा सुशांत, मूळचा सातारचा, इंदूरला नोकरीला आलेला. सगळं कसं छान जुळून आलं, आणि नेमकी तेव्हाच यशोधराच्या गळ्यातली जुनी गाठ वाढली.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. "दसरा झाला की ऑपरेशन. पुढं ढकलता येणार नाही, गाठ श्वासनलिकेवर दाबतेय. बोलता येईल. पण वरचे सूर परत येतील याची खात्री मी देणार नाही."

"आणि खालचे?" यशोधरानं विचारलं.

"बहुतेक येतील. वेळ लागेल."

दोघं दवाखान्याबाहेर आली. मोहनराव रिक्षा बघायला लागले तशी ती म्हणाली, "अहो, शेकडो लोकांच्या पोरींची लग्नं लावली मी. आणि माझ्याच पोरीच्या अंतरपाटापाशी तोंड मिटून उभी राहू? जमणार नाही. आधी गाऊन ठेवते."

उर्वीला हे कळलं तेव्हा ती आधी रडली, आणि मग डोळे पुसून तिनं लॅपटॉप उघडला. सॉफ्टवेअरमधली पोरगी, तिचं दुःख काही झालं तरी शेवटी लॅपटॉपमध्येच शिरतं. तिनं चांगला माइक आणला, माइक आणि लॅपटॉप जोडणारी एक डबी आणली, आईच्या कानांवर हेडफोन चढवला. "आई, टेन्शन बिल्कुल घेऊ नको. चुकलं तर पुन्हा. इसमें सब कुछ सुधरता है."

शनिवारी सकाळी बैठक बसली. तानपुरा लागला, सूर खोलीभर पसरला, यशोधरानं डोळे मिटून पहिली ओळ उचलली, दुसरी उचलली, आणि गल्लीच्या तोंडाशी कचरागाडी आली. आपलं इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण ती गाडी कर्ण्यावर गाणं लावून येते आणि आख्ख्या आळीला दारात उभं करते, त्याचं काय! मंगलाष्टकात सुका कचरा, ओला कचरा मिसळला.

"अजून एक टेक, आई," उर्वी म्हणाली.

दुसऱ्या वेळी लॅपटॉप मध्येच स्वतःचं काहीतरी अपडेट करत बसला. तिसऱ्या वेळी उर्वीच्या ऑफिसचा फोन आला. प्रत्येक वेळी उर्वी म्हणायची, "अजून एक टेक, आई," आणि यशोधरा मुकाट्यानं पुन्हा सुरू करायची. गाताना तिला सवय समोरच्याच्या तोंडाकडं बघायची. इथं समोरची लेक पडद्याकडं बघत होती, आणि पडद्यावर आईचा आवाज हिरव्या डोंगरांसारखा वर-खाली होत होता. कसंबसं एकदाचं सगळं गाऊन झालं.

दोन-तीन दिवसांनी चहाच्या वेळी उर्वीनं तयार झालेलं गाणं ऐकवलं. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

यशोधरानं शेवटपर्यंत ऐकलं. कप खाली ठेवला. "छान गाते ही बाई. कोण आहे?"

"आई! तूच आहेस."

"मग माझा तानपुरा कुठं गेला?"

उर्वी दचकली. पुन्हा लावून ऐकलं. खरंच की! तानपुरा नव्हता. होता तो नुसता लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं कपाळाला हात लावला. गाणं सुरू व्हायच्या आधी पहिले काही सेकंद जो आवाज असतो, तो पंख्याचा, रस्त्याचा, नको असलेला आवाज असं धरून सॉफ्टवेअर तो सगळीकडून पुसून टाकतं. आणि या घरात गाणं सुरू व्हायच्या आधी काय असतं? तानपुरा! सूर खोलीत भरल्याशिवाय यशोधरा तोंड उघडत नाही. सॉफ्टवेअरनं तानपुरा हाच घरातला गोंगाट असं समजून निष्ठेनं पुसला होता. उर्वीनं ऑफिसात जेवता जेवता बटण दाबलं आणि ऐकला होता तो फक्त आईचा आवाज.

मोहनराव हसून हसून लाल झाले. "म्हणजे मी कचरा! बापाला गाडीत टाकलंस की गं!"

"अहो बाबा, सॉरी ना! ओरिजिनल आहे अजून, अनडू करते. पाच मिनिटांचं काम आहे."

"ते कर," यशोधरा म्हणाली. "आणि 'मंगल' शब्दावर माझा सूर असा पट्टीनं आखल्यागत सरळ का झालाय?"

"तो थोडा हलत होता, म्हणून सुधारला."

"हलत नव्हता. हलवला होता मी."

उर्वीनं लॅपटॉप मिटला. यशोधराला तिची दया आली. पोरीनं जीव ओतून केलं होतं, मायेपोटीच केलं होतं. पण दया आली म्हणून मत बदलणाऱ्यांतली ती नव्हती. "लॅपटॉप वाईट नाही, बाळा. पण तो तुझा आहे. तू असशील तेव्हा मी गाणार, तुला सुट्टी असेल तेव्हा गाणार, आणि मग तू मला सुधारणार. माझ्याकडं दिवस थोडे आहेत. माझा गळा सकाळी लागतो, कचरागाडी गेल्यावर, आणि तेव्हा तू ऑफिसला पळत असतेस. मला असं यंत्र पाहिजे जे मी लावीन, मी बंद करीन. आपला हात जगन्नाथ."

"आई, तसली मशिनं जुनी झाली. छोटासा पडदा, हजार बटणं. लॅपटॉपवर किती सोपं असतं, मतलब, तू एकदा शिकलीस ना..."

"शिकायचंच आहे तर हजार बटणं शिकते."

नवरात्रात मायलेकी मंगळसूत्र ठरवायला सराफ्यात गेल्या. वाट्या पसंत झाल्या, पेढीवरचा चहा झाला, आणि राजवाड्यापाशी आल्यावर यशोधरानं रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगायच्या ऐवजी जेल रोड सांगितला. तिथं जयेश म्हणून एकाचं माइक-स्पीकरचं दुकान होतं. लग्नांतले साउंडही तोच लावायचा, त्यामुळं यशोधराला चांगला ओळखत होता.

"अरे आंटीजी, रेकॉर्डर? आजकल ये कौन लेता है?" जयेश म्हणाला. "भिया लोग सब लॅपटॉप पे करते हैं. दीदी तो खुद कंप्यूटरवाली है!"

"दीदी कंप्यूटरवाली है, आंटी नहीं है. दिखाओ."

त्यानं मागच्या फळीवरून एक खोकं काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. आत डब्याएवढं एक यंत्र. स्वतःच रेकॉर्ड करायचं, स्वतःच वाजवायचं, कशाला जोडायची गरज नाही. वर ओळीनं सरकत्या दांड्या, प्रत्येक आवाजाला आपली स्वतंत्र दांडी. एका दांडीवर तानपुरा भरायचा, दुसरीवर गळा. पाहिजे ती वर करा, पाहिजे ती खाली. आणि मधोमध एक लाल बटण.

यशोधरानं एक दांडी बोटानं वर-खाली करून बघितली. हलकी होती, पण बोटाला कळत होती. "म्हणजे गाणं थांबलं तरी तानपुरा चालू राहील?"

"जब तक चाहो, आंटीजी."

"पॅक करो."

उर्वी रिक्षात मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. दारात चपला काढताना एवढंच म्हणाली, "मी मदत करणार नाही हां. तूच म्हणालीस, आपला हात जगन्नाथ."

"नको करू," आई म्हणाली. दोघीही एकाच मातीच्या, कोण माघार घेणार?

दुसऱ्या सकाळी कचरागाडी गल्लीच्या वळणावरून गेली तशी यशोधरानं खिडकी लावली, पंखा बंद केला, मोहनरावांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून तानपुरा दिला. आधी नुसता तानपुरा भरून घेतला, चांगला लांबलचक. बोटं दुखतात म्हणाले, तर म्हणाली, "लेक सासरी चाललीय, बोटांचं काय घेऊन बसलात." मग त्यांना उठवलं, यंत्रातला तानपुरा कानात लावून घेतला, लाल बटण दाबलं आणि गायली. इतकी सुरेख गायली की संपल्यावर तिचं तिलाच भरून आलं. वाजवून बघते तर आत तानपुरा. गळा नाहीच! लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे यंत्र नुसतं तयार होतं. दिवा स्थिर व्हायला बटण दुसऱ्यांदा दाबायचं असतं. तानपुऱ्याच्या वेळी ते तिच्याकडून चुकूनच दोनदा दाबलं गेलं होतं.

आता रागवायचं कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. स्वयंपाकघरात जाऊन ती ढसाढसा रडली. तसा सूर परत लागेल की नाही, देवाला ठाऊक. आणि दसरा तोंडावर आलेला. संध्याकाळी उर्वीनं मुद्दाम विचारलं, "काय मग, झालं रेकॉर्डिंग?"

"होतंय," यशोधरा म्हणाली, आणि भाजीत मीठ दुसऱ्यांदा टाकलं.

पण पठ्ठीनं सोडलं नाही. रोज सकाळी गाडी गेली की दार बंद. एक दिवस खोकला आला, एक दिवस शेजारच्या कारखान्यातलं मशीन सुरू झालं, एक दिवस गाठीनं सूर धरूच दिला नाही. ती बटण दाबायची, पुसायची, पुन्हा दाबायची. हळूहळू यंत्र तिच्या हाताखालचं झालं. कुठली दांडी कुठवर न्यायची ते बोटं आपोआप करायला लागली. आणि एका सकाळी आवाज लागला. वरच्या षड्जावर गेला आणि तिथं निवांत उभा राहिला. तिनं डोळे उघडून पाहिलं. दिवा स्थिर होता.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी तिनं उर्वीला बोलावून ऐकवलं. उर्वी आधी नाइलाजानं बसली. मग पाठीची ताठ रेघ सैल झाली. खोलीत तानपुरा होता, खोलीही होती, दूर कुठंतरी एक चिमणीही होती, आणि आई होती. 'मंगल'वरचा सूर जसा हलवायचा तसा हलला होता.

पण शेवटच्या श्लोकाच्या तीन ओळी झाल्या, आणि गळा थांबला. नुसता तानपुरा वाजत राहिला. बराच वेळ.

"आई, शेवटची ओळ राहिली."

"राहिली नाही. ठेवलीय."

"मतलब?"

"ती खालच्या सुरांत आहे. खालचे सूर येतील म्हणालेत डॉक्टर. ती मी तुझ्या लग्नात उभी राहून म्हणणार."

उर्वी ताडकन उठून उभी राहिली. "आणि नाही आला आवाज तर? हजार माणसांत? आई, ही कसली जिद्द आहे! आत्ताच्या आत्ता म्हण, मी रेकॉर्ड करते. नुसता बॅकअप. नाही लागला तर पुसून टाकू."

"बॅकअप असला की माणूस त्याच्यावरच रेलतो," यशोधरा म्हणाली. "मी उद्या तिथं आडवी होणार आहे ना, तेव्हा उठायला मला काहीतरी कारण पाहिजे. ही ओळ माझं कारण आहे. ते तू काढून घेऊ नको."

उर्वीनं आईच्या मांडीत डोकं घातलं आणि लहानपणी रडायची तशी रडली. यशोधरानं तिच्या केसांतून हात फिरवला, पण ओळ काही म्हटली नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र जो गेला तो गेलाच. पहिले काही दिवस नुसती हवा यायची. दिवाळीत फराळाला आलेल्यांशी ती खुणांनी बोलली. मग घोगरा, फाटका, मध्येच तुटणारा एक आवाज आला. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यापर्यंतही पोचत नव्हता. वरचे सूर नावालाही नव्हते. ती रोज सकाळी गाडी गेली की यंत्र लावायची, गळ्याची दांडी पूर्ण खाली ओढायची, आणि मोहनरावांच्या तानपुऱ्यावर एकच खालचा षड्ज लावत बसायची. कधी लागायचा. बहुतेक वेळा निसटायचा. "आज कालच्यापेक्षा बरा," मोहनराव म्हणायचे, आणि ती म्हणायची, "खोटं बोलू नका," आणि पुन्हा लावायची.

लग्नाच्या आठवड्यात उर्वी तिच्यापाशी येऊन बसली. "आई, रागावू नको. ते पहिलं लॅपटॉपवर केलेलं रेकॉर्डिंग आहे ना, त्यात ती ओळ आहे. मी अनडू केलंय. तानपुरा आहे, सूरही सुधारलेला नाही. जयेशभियाच्या लॅपटॉपमध्ये टाकून ठेवलीय. तुला नाही जमलं तर मी खूण करीन, तो लावेल. तुझं हसं झालेलं मला बघवणार नाही."

यशोधरानं लेकीकडं बघितलं. आपलीच लेक, ऐकणार थोडीच. "खूण तू करणार?" तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मीच."

"मग ठीक आहे," यशोधरा म्हणाली.

लग्नाच्या दिवशी मांडवात आणखी एक विघ्न उभं राहिलं, ते शांताआत्यांच्या रूपानं. या सुशांतच्या आत्या, साताऱ्याहून आलेल्या. "मुलीच्या आईनं मंगलाष्टकाला उभं राहायचं नसतं. तुळशीपाशी बसून पाणी घालायचं असतं."

यशोधरा हात जोडून म्हणाली, "तुळस इथं आणते." आणि खरंच, मोहनरावांनी हॉलच्या दारातली कुंडी उचलून माइकशेजारी आणून ठेवली. शांताआत्या खुर्ची ओढून बसल्या.

तुळशीच्या एका बाजूला स्टुलावर यंत्र, त्याची वायर जयेशच्या स्पीकरला. दुसऱ्या बाजूला ती. अंतरपाट धरला गेला. अलीकडं सुशांत, पलीकडं हार हातात घेऊन उर्वी, तिच्या मागं मामा. मोहनराव गुरुजींच्या शेजारी उपरणं सावरत होते. यशोधरानं तुळशीला पाणी घातलं, हात पदराला पुसला आणि बटण दाबलं.

हॉलभर तानपुरा पसरला. मग तिचा आवाज आला, तिचा जुना, भरलेला आवाज, आणि बोलणारी माणसं बोलायची थांबली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ती स्वतः तोंड मिटून उभी होती आणि ऐकत होती. वरच्या षड्जावर तो आवाज गेला तेव्हा तिला स्पष्ट कळलं की आता हे आपल्याकडं नाही. पण हे गायलं होतं ना आपणच? गायलं होतं. दिवा स्थिर होता.

शेवटच्या श्लोकाची तिसरी ओळ संपली. गळ्याचा आवाज थांबला. तानपुरा चालू राहिला.

तिनं श्वास घेतला आणि तोंड उघडलं. नुसती हवा आली.

लोक अक्षता मुठीत धरून थांबले होते. कुणीतरी खाकरलं. जयेशचा हात लॅपटॉपकडं गेला आणि त्यानं मान वळवून नवरीकडं बघितलं. यशोधरानंही बघितलं. अंतरपाटाच्या कडेवरून उर्वी आईकडं एकटक बघत होती. पडद्याकडं नाही, जयेशकडं नाही, आईच्या तोंडाकडं. आणि जयेशकडं न बघताच तिनं हार एका हातात घेऊन दुसऱ्या हाताचा तळवा दाखवला. थांब.

यशोधरानं दुसरा श्वास घेतला. तानपुऱ्यातला षड्ज शोधला, आणि त्याच्या अंगावर आपला फाटका आवाज ठेवला.

"माहेरा स्मरुनी सुखात रम गे, कुर्यात् सदा मंगलम्..."

'सुखात'वर आवाज तुटला. तिनं तिथंच पुन्हा धरला. 'मंगलम्' घोगरं होतं, जाडं होतं, पण सुरात होतं, आणि तिनं तिथं तो सूर हलवलासुद्धा. मोहनरावांची बोटं रिकाम्या हवेत तानपुरा छेडत होती.

'सावधान' म्हणायचं कुणाला आठवलंच नाही. शेवटी गुरुजींनाच भान आलं. ते ओरडले, तेव्हा कुठं अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट दूर झाला. सुशांत हार घेऊन पुढं झाला, पण नवरी त्याच्याकडं बघतच नव्हती. तिचं काजळ गालावर आलं होतं. त्या सगळ्या गलक्यात तिनं मान वळवून तुळशीपाशी उभ्या असलेल्या बाईला हाक मारली.

"आई! अजून एक टेक नको."